मागावर शिकलेली उत्तरे

कॉलेजातल्या पहिल्या तासाला महादेवराव ठवकर पुस्तक घेऊन जात नसत. काखेत काळी घोंगडी आणि कोटाच्या खिशात ज्वारी घेऊन जात. घोंगडी टेबलावर पसरायची, मूठभर ज्वारी वरून सोडून द्यायची आणि मुलांना जवळ बोलावून विचारायचे, "का दिसून राहिलं?"

एखाद्याला चार दाण्यांची खाट आणि तिच्या मागचे तीन चोर दिसत, गावाकडे आभाळातल्या सप्तर्षींत दिसतात तसे. दुसऱ्याला विंचू दिसे. एका वर्षी एका मुलाला त्यात प्राचार्यांचे नाक दिसले होते.

"हे कोणी मांडलं नाई," महादेवराव म्हणत. "हे पडलं. पडलेल्यातही आकृती दिसते. आभाळात बी तसंच. आता पडलेलं कोणतं आणि मांडलेलं कोणतं हे ओळखाचं, एवढाच आपला विषय आहे."

मग ते पाठ फिरवून उभे राहत आणि एका मुलाला सांगत, दाणे वरून सोड नाहीतर हाताने मांड, सहज पडल्यासारखे. वळून पाहिले की हाताचे काम ते लगेच ओळखत. माणूस सहज म्हणून मांडतो तेव्हा दाणे जपून, सारख्या अंतरावर ठेवतो. पडलेले दाणे कुठे दाटी करतात, कुठे मोठी जागा रिकामी सोडतात. घोंगडीवर खडूने चौकटी आखून, चौकटीतले दाणे मोजून ते हे सिद्ध करून दाखवत.

त्याच कॉलेजात मी जमाखर्च शिकवत होतो. महादेवराव माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. कन्हान नदीच्या काठी, खाप्याच्या अलीकडे त्यांचे गाव. धाकटा भाऊ शेती पाही. हे घरातले पहिले शिकलेले. रेशीमबागेत भाड्याच्या दोन खोल्यांत ते आणि जिजाबाई राहत. मूलबाळ नव्हते. बोलायला सौम्य, पण एकदा आकडा हाती आला की मागे हटत नसत. रोजच्या वर्तमानपत्रातला अग्रलेख ते पेन्सिल घेऊन वाचत. लिहिणाऱ्याने 'आणि' किती वेळा घातले, 'व' किती वेळा, 'परंतु' लिहिले की 'पण', वाक्य किती शब्दांचे, हे टिपत आणि आजचा अग्रलेख दोघांपैकी कोणत्या संपादकाचा आहे ते सांगत. त्या कचेरीत माझा एक मावसभाऊ होता. त्याला विचारले की बहुतेक वेळा ते बरोबर निघे.

जिजाबाई म्हणत, "हे पेपर वाचत नाईत, निवडतात. तांदूळ निवडल्यावानी."

महादेवरावांच्या आयुष्यातली जी गोष्ट मला सांगायची आहे, ती या सवयीतूनच निघाली.

वैदर्भीय वाणिज्य परीक्षा मंडळ नावाची एक लहानशी संस्था तेव्हा धंतोलीत होती. सहकारी संस्थांचे सचिव आणि कारकून होऊ इच्छिणाऱ्यांची ती परीक्षा घेई. बहुतेक उमेदवार खेड्यांतले, नोकरी किंवा शेती सांभाळून बसणारे. मी मंडळाचा अर्धवेळ चिटणीस होतो. अध्यक्ष आनंदराव देवतळे हे निवृत्त तहसीलदार होते, हुशार आणि घाईचे. परीक्षेत नक्कल फार होते अशी त्यांची तक्रार असे, आणि पकडावे तर पुरावा नसे. दोन उत्तरपत्रिका सारख्या दिसल्या तरी उमेदवार म्हणत, योगायोग.

मी बोलता बोलता ज्वारीची गोष्ट त्यांना सांगितली. ते म्हणाले, "बोलवा त्यांना. योगायोग मोजता येत असेल तर मोजून घेऊ."

महादेवरावांनी एका उन्हाळ्याच्या सुटीत ती पद्धत बसवली. दोन उत्तरपत्रिका घ्यायच्या. दोघांनी सारख्याच चुका किती केल्या, मुद्दे सारख्याच क्रमाने घातले का, वाक्ये जोडणारे शब्द सारखेच वापरले का, हे मोजायचे. मग तीच मोजणी ज्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही अशा हजारो जोड्यांवर करायची, एक गोंदियाचा तर एक वणीचा. अनोळखी माणसांत एवढा सारखेपणा हजारात एकदाही सापडत नसेल, तर ती जोडी संशयित. बरोबर उत्तर सगळ्यांचे सारखे असते. त्यामुळे त्यांचा भर चुकांवर होता. "बरोबर रस्ता एकच राहते," ते म्हणत. "चुकाचे रस्ते हजार. दोघं एकाच आडवाटेनं गेले तर विचाराच लागते."

आनंदरावांना ते फार आवडले. 'विचाराच लागते' एवढेच महादेवराव म्हणाले होते. मंडळाने नियम केला: आकडा मर्यादेबाहेर गेला की दोघेही पाच वर्षे परीक्षेला बंद. पहिल्या दोन वर्षांत दहा-बारा जोड्या गेल्या. काहींनी कबूल केले, काही रडले, काही आलेच नाहीत. महादेवराव प्रत्येक प्रकरणावर आकडा लिहून खाली सही करत.

चौऱ्याहत्तर साली खापा केंद्रावरची एक जोडी आली. पंचफुला निनावे आणि शामला निनावे. नणंद-भावजय. पंचफुला तिशीतली, नवरा वारल्यावर माहेरी परतलेली. खाप्याच्या विणकर सोसायटीचे जुने सचिव दसऱ्याला काम सोडणार होते. पंचफुला पास झाली तर ती जागा तिला द्यायचे सोसायटीने ठरवले होते. नाहीतर सावनेरचा कोणी माणूस आणणार होते. शामला नुसती सोबतीला बसली होती.

त्यांचा आकडा मर्यादेच्या कितीतरी बाहेर होता. दोघींनी सोसायटीच्या मालमत्तेची यादी एकाच क्रमाने लिहिली होती आणि दोघींनीही तीतून एकच बाब गाळली होती: वर्षअखेर न विकलेल्या मालाची किंमत. शिवाय दोघींच्या उत्तरांत दर दोन-चार वाक्यांनी 'तर मग' येत होते, दोघींत त्याच जागी.

दोघींना नागपूरला चौकशी समितीपुढे बोलावले. तीत आनंदराव, महादेवराव आणि आणखी दोन सभासद होते. पंचफुला समोर खुर्चीवर बसली, शामला तिच्या मागे उभी राहिली.

आनंदराव म्हणाले, "घरात न विकलेल्या लुगड्यांचा ढीग असेल ना, बाई? तोच नेमका दोघी विसरलात?"

"ढीग तर हाय," पंचफुला म्हणाली.

"मग कोणी कोणाचं पाहून लिहिलं?"

"कोणी कोणाचं नाई पाहिलं, साहेब. आमी मागावर शिकलो."

"मागावर लुगडं विणतात. परीक्षेचा अभ्यास करत नाहीत."

समितीतले दोघे हसले. शामला मागून हळूच म्हणाली, "आमच्या घरी दोनीही होते." पण ते इतक्या हळू की आनंदरावांनी ऐकले नाही. दोघींना बाहेर बसवून त्यांनी कागद महादेवरावांपुढे सरकवला. महादेवरावांनी पेन काढले आणि टोपण न उघडता तसेच धरून बसले.

"'तर मग'चं कोडं सुटत नाई," ते म्हणाले. "नक्कल करणारा घाईत राहते. तो मुद्दे उचलते. असले फालतू शब्द कोणी चोरते का?"

"तुमचाच आकडा आहे, सर."

"आकडा बरोबर आहे. तो कायचा आहे ते पाहून येतो. आठ दिवस द्या."

पुढच्या रविवारी त्यांनी मला सोबत घेतले. एसटीने सावनेर, तिथून खापा. निनाव्यांचे घर विचारत गेलो तर गल्लीतच मागाचा आवाज ऐकू आला आणि त्या आवाजात मिसळलेला बायकांचा. आम्ही दाराशी थांबलो. आत खड्ड्यात पाय सोडून पंचफुला मागावर बसली होती. भिंतीशी शामला चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. पुस्तक तिच्या मांडीवर उघडे होते. ती एक ओळ वाची. मागाची फणी एकदा ठोकली जाईपर्यंत थांबे. पंचफुला ती ओळ म्हणे आणि पुन्हा ठोकी. 'रोख शिल्लक' ठक. 'बँक शिल्लक' ठक. 'येणे बाकी' ठक. 'सुताचा साठा' ठक. दुपारी जागा बदलत. मग शामला विणी आणि पंचफुला वाची. परीक्षा होऊन महिना लोटला होता, तरी त्यांचे चालूच होते.

आम्हाला पाहून माग थांबला.

"या सर. पाणी आण वं शामला." पंचफुला खड्ड्यातून वर आली नाही, सूत तुटले असते. "डोक्यातून सुटून गेलं तं वापस कुठून आणाचं, म्हणून म्हणत राहतो. पुन्हा बसाचं आलं तर."

महादेवरावांनी शामलाला ती यादी पुस्तकातून वाचायला सांगितली. तिने सगळी वाचली. न विकलेल्या मालाची किंमतही वाचली.

"आता तुम्ही म्हणा, बाई. मागावर."

पंचफुलाने म्हटली. ती बाब आली नाही. तिला कळलेही नाही.

"एक राह्यलं," महादेवराव म्हणाले.

तिने पुन्हा म्हणून पाहिले. मग तिच्याच लक्षात आले. "ते लांब हाय, सर. तिथं सुताचा धोटा परतते. एका ठोक्यात बसत नाई, दुसऱ्यात जात नाई. मंग सुटून गेलं असंल."

"आणि हे 'तर मग' कुठून येते?"

शामला हसली. "धोट्यातली कांडी सरली का बाई थांबतात. नवी घातली का मी म्हणतो 'तर मग', का त्याइनं पुढं म्हणावं. मले वाटलं ते बी लिहाचंच राहते."

महादेवराव जमिनीवर बसले. परतताना एसटीने सावनेर सोडल्यावर ते म्हणाले, "मी गोंदियाचा माणूस वणीच्या माणसाशी ताडून पाहिला. ते कधी एका घरात राह्यले नाईत, एका आवाजावर शिकले नाईत. जे एका घरातले, त्याइची मोजणी मी केलीच नाई. हजारात एक हा आकडा अनोळखी लोकांचा आहे. या दोघींचा नाई."

"मग या दोघी सुटतात," मी म्हणालो.

"या सुटतात. बाकीचे?"

आठ दिवसांनी दोघी पुन्हा मंडळात आल्या. महादेवरावांनी आनंदरावांना सांगितले की त्यांना एकेकीला आत घेऊन तोंडी म्हणायला लावा. जे लिहिले तेच, त्याच चुकांसह, त्या म्हणतील. आनंदराव कबूल झाले. माणूस घाईचा होता, पण अन्यायी नव्हता.

पंचफुला आत आली, उभी राहिली, 'रोख शिल्लक' म्हणाली आणि अडकली. 'बँक शिल्लक' यायला वेळ लागला. तिसऱ्यावर थांबली ती थांबलीच. समितीतले एक सभासद खिडकीबाहेर पाहू लागले.

"घरी येते, साहेब. इथं आवाजच नाई."

"आवाज कशाला पाहिजे, बाई? उत्तर पाहिजे."

महादेवरावांनी माझ्या टेबलावरचा लाकडी रूळ उचलला आणि टेबलाच्या कडेवर ठोका दिला. थोडे थांबून दुसरा. त्यांना तो वेग बरोबर लक्षात राहिला होता. तिसऱ्या ठोक्याला पंचफुलाची टाच फरशीवर हलू लागली, मागाची पावडी दाबावी तशी, आणि शब्द आले. सगळे उत्तर आले. न विकलेला माल आला नाही. एके ठिकाणी महादेवरावांनी ठोका थांबवला, तशी ती म्हणाली, "तर मग."

आनंदरावांनी कागद समोर धरून ताडून पाहिले. मग शामलाला बोलावले. तिने तेच म्हटले.

दोघी बाहेर गेल्यावर आनंदराव म्हणाले, "मानलं. नक्कल नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं."

"मग आधीचेही बोलवा," महादेवराव म्हणाले. "कोण कसं शिकलं ते विचारू."

"आधीचे बोलावले तर मंडळ राहते का, सर? पाच वर्षं ज्यांची गेली ते कोर्टात जातील. आणि त्यांतल्या निम्म्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलेलं आहे."

"निम्म्यांनी. हजारात एकाचं बोलत होतो आपण."

"हजारात एक चुकला तर चुकला. उरलेल्यांसाठी नियम लागतो."

"ते आपल्या बाजूनं हजारात एक आहे. ज्याच्यावर येते त्याच्यासाठी पूर्ण आहे."

आनंदराव चिडले नाहीत. त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितले आणि सावकाश मजकूर सांगितला: 'सदर पद्धत विश्वसनीय असून खापा केंद्रावरील प्रकरण हा विणकामाच्या विशिष्ट रीतीमुळे घडलेला एकमेव अपवाद आहे, असे माझे मत आहे.' खाली महादेवराव ठवकर.

"यावर सही करा. आजच दोघींचा निकाल लावतो. नाही केली तर मला नियमाने जावं लागेल. अपवाद कोणत्या आधारावर करू? ठोक्यावर?"

"एकमेव मी कसं म्हणू? मले माहीत नाई."

"दुसरा माहीत आहे का?"

"नाई."

"मग एकमेवच झाला."

महादेवरावांनी एक दिवस मागितला. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते आणि जिजाबाई मेथी निवडत होत्या. सगळे त्यांना सांगून झाले होते.

"दोन बायांचं भलं होते ना?" जिजाबाई म्हणाल्या. "करा सही. बाकीच्याइसाठी मंग भांडा."

"मंग भांडाले जागा राहत नाई. ते वाक्य लिहून दिलं का माझं तोंड बंद."

"मंग नका करू. पण त्या पंचफुलाले तसं सांगून या. मी नाई सांगत."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाण्याआधी ते मंडळात आले आणि सही करून गेले. दसऱ्याला पंचफुला विणकर सोसायटीची सचिव झाली. तिने एक लुगडे पाठवले, जिजाबाईंसाठी. जिजाबाई ते हौसेने नेसत.

त्यानंतर मंडळाचे काम अधिकच सोपे झाले. महादेवरावांना मोजायलाही लागत नव्हते. पद्धत लिहून ठेवलेली होती. कोणीही कारकून पेन्सिल घेऊन बसे आणि आकडा काढी. उमेदवार म्हणाला की आम्ही एकत्र शिकलो, तर आनंदराव ते वाक्य वाचून दाखवत. "एकमेव अपवाद. संख्याशास्त्राच्या तज्ज्ञांचं मत आहे."

सत्त्याहत्तर साली हिंगणघाटकडच्या दोन भावांचे प्रकरण आले. महादेवराव म्हणाले, त्यांना विचारा ते कसे शिकले. आनंदरावांनी वाक्य वाचले. महादेवराव म्हणाले, ते माझेच आहे आणि ते चूक आहे. बाकीच्या दोन सभासदांनी एकमेकांकडे पाहिले. मते घेतली. दोन्ही भाऊ परीक्षेला बंद झाले.

त्याच उन्हाळ्यात ते आधीच्या लोकांना एकेक करून शोधू लागले. वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात गिरिधर नावाचा जुना उमेदवार मालाच्या पावत्या फाडण्याचे काम करत होता. मी बरोबर होतो. ट्रक लागत होते, हमालांचा आरडाओरडा चालू होता. महादेवरावांनी त्याला नाव सांगून विचारले, त्या वेळी तुम्ही अभ्यास कसा केला होता?

गिरिधर हसला. "कायचा अभ्यास, सर? मी तर नक्कलच केली होती. बाजूच्याचं सारं उतरवलं." मग त्याने पावती फाडून ड्रायव्हरला दिली आणि म्हणाला, "पण तुम्ही आता विचाराले आले. तवा कोणी विचारलं असतं तं तवाच सांगितलं असतं."

दुसरा एक जण काटोलला भेटला. तो म्हणाला, मी केली नव्हती. तिसऱ्याच्या बायकोने दारातूनच परत पाठवले. महादेवराव त्यांच्या उत्तरांवरून काही ठरवू शकले नाहीत. केलेला सहज सांगत होता, न केलेला रागाने सांगत होता, आणि रागावणारा न केलेलाच असेल असेही नव्हते. मोजायला काहीच नव्हते.

पावसाळ्यानंतर ते आनंदरावांच्या घरी गेले. सही मागे घेतो, म्हणाले. मीच त्यांना घेऊन गेलो होतो, म्हणून हे बोलणे मला माहीत आहे.

आनंदरावांनी चहा सांगितला. "घ्या मागे. पण त्या दोघींचा निकाल त्याच कागदावर उभा आहे, हे तुम्हाला माहीत आहे. कागद गेला की अपवाद गेला. अपवाद गेला की पंचफुलाबाईचं प्रमाणपत्र गेलं. सोसायटीला मला कळवावं लागेल. ते पत्र तुम्ही नेऊन देता का?"

महादेवरावांनी चहा घेतला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी सायकलचे कुलूप काढले आणि किल्ली हातात घेऊन उभे राहिले.

"समितीतून तरी बाहेर पडा," मी म्हणालो.

"पडतो. मंग हे लोक शिकले कसे, हे विचारणारा बी तिथं कोणी राहत नाई."

ते राहिले. दर प्रकरणाला तोच प्रश्न विचारत आणि दर वेळी त्यांचेच वाक्य त्यांना वाचून दाखवले जाई. मी ते इतिवृत्तात लिहून घेई: 'श्री. ठवकर यांनी शंका उपस्थित केली. त्यांच्या पूर्वीच्या मताच्या आधारे ती निकालात काढण्यात आली.' असे किती वेळा लिहिले असेल सांगता येत नाही. पुढे पुढे ते वाक्य मला तोंडपाठ झाले.

एकोणऐंशीच्या शेवटी पंचफुला नागपूरला आली. सोसायटीच्या कामासाठी आली होती, तशीच रेशीमबागेत गेली. जिजाबाईंनी मला निरोप पाठवला, म्हणून मीही होतो. अंगावर चांगले पातळ, पायात चपला, बोलणे पहिल्यापेक्षा ठाम. सोसायटी तिने बरी चालवली होती. खाप्यातल्या आणखी चार मुली पुढच्या परीक्षेला बसणार होत्या. शेजारच्या गावांतल्या सोसायट्यांना सचिव हवे होते आणि बायका असल्या तर त्यांना चालणार होत्या. पंचफुलाच त्यांना शिकवत होती.

"मागावर?" महादेवरावांनी विचारले.

"मंग कुठं? दिवसभर विणते त्या. मागावरून उठल्या तर घरचे शिकू देत नाईत. आता चार माग एका ठोक्यात चालतात, सर. पाहाले या एखाद्या दिवशी."

महादेवराव खाली पाहत होते.

"हिंगणघाटच्या दोघा भावाइचं ऐकलं," पंचफुला म्हणाली. "त्याइचा चुलता आमच्या इकडं सूत घेऊन येते. थो सांगत होता, ते बी एकाच कंदिलाखाली, एकानं वाचाचं अन् दुसऱ्यानं ऐकाचं, असे शिकले. म्हणून विचाराले आली. माह्या चारी पोरींचं एकच उत्तर येणार. एकच चूक बी येणार. तुम्ही त्याइले धरसान का?"

"मी नाई धरत. मंडळ धरते."

"मंडळात तुम्हीच हायेत ना?"

"मी आहे म्हणूनच," महादेवराव म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी तिला सगळे सांगितले: ते वाक्य, एकमेव हा शब्द, आणि तिच्या प्रमाणपत्राची गाठ त्या कागदाला कशी बांधलेली आहे ते.

"माह्यासाठी केलं तुम्ही," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"मंग माह्यं वापस घ्या म्हणून सांगा."

"तुमचं वापस घेतलं तर चौघींना शिकवाले कोण? अन् त्या तरी सुटतात का? उलट मंग खाप्याचं कोणीच सुटत नाई."

पंचफुलाने हे मनात फिरवून पाहिले. तिलाही दुसरीकडून वाट दिसली नाही. जिजाबाईंनी तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. तिने ती हातात घेतली आणि तशीच धरून राहिली.

"तालात शिकवलं तर पोरी बंद होतात," ती म्हणाली. "ताल सोडून शिकवलं तर त्याइच्या डोक्यात राहत नाई. सांगा, का करू?"

महादेवराव म्हणाले, "रविवारी पाठवा. इथं. मी प्रत्येकीले वेगळं करून देतो."

त्यानंतर दर रविवारी सकाळच्या गाडीने चौघी येत. ओसरीवर चार कोपऱ्यांत बसत. महादेवरावांनी प्रत्येकीच्या उत्तराचे मुद्दे निराळ्या क्रमाने लावून दिले होते. एकीला 'आणि' लिहायला सांगितले, दुसरीला 'व'. एकीने वाक्ये तोडायची, एकीने जोडायची. 'तर मग' कोणीच लिहायचे नाही. चुकाही वाटून द्याव्यात असे एकदा त्यांच्या मनात आले. ते मला बोलून दाखवले आणि स्वतःच नको म्हणाले. सात-आठ वर्षे त्यांनी सारखेपणा ओळखण्याचे काम केले होते. आता ते ओसरीवर बसून तो बुजवत होते, आणि चांगले बुजवत होते. त्यांच्या पद्धतीला कुठे काय दिसते हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नव्हते.

मुलींना ते जड जाई. रुख्मिणी नावाची एक होती, चौघींत सगळ्यात हुशार. मागावर तिचे अडत नसे, असे पंचफुला सांगे. एका रविवारी मी गेलो तेव्हा महादेवराव तिची यादी घेत होते. तिच्या वाट्याला उलटा क्रम आला होता: आधी मागांची किंमत, मग सूत, शेवटी रोख. पहिले दोन मुद्दे तिने नीट सांगितले. तिसऱ्याला डोळे मिटले, शब्द भराभर येऊ लागले, आणि ते मूळच्या क्रमाने येत होते.

"पाय," महादेवराव म्हणाले.

तिची टाच ओसरीच्या फरशीवर वरखाली होत होती. तिने खाली पाहिले आणि पाय थांबवला. त्याबरोबर उत्तरही थांबले. ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"पुन्हा," महादेवराव म्हणाले. "पाय न हलवता."